अठरा होल पायी खेळायचे की बग्गीतून: बॅग, वाट आणि वेळेचा हिशेब

गोल्फच्या स्कोअरकार्डावर मैदानाची लांबी ६,५०० यार्ड लिहिलेली असते, म्हणजे साधारण ५.९ किलोमीटर. प्रत्यक्षात मात्र पायाखालून ८ ते १० किलोमीटर जातात. ग्रीनवरून (भोकाभोवतीचं गुळगुळीत गवत) पुढच्या टीपर्यंतचं (होल जिथून सुरू होतो ती जागा) अंतर कार्डात धरलेलं नसतं, आणि चेंडूही सरळ रेषेत जात नाही. हा आकडा डोक्यात ठेवूनच पायी की बग्गी (खेळाडू आणि बॅगा नेणारी छोटी गाडी) हे ठरवावं. आमचं मत स्पष्ट आहे: पाय धड असतील आणि मैदान चालण्याजोगं असेल तर चालावं. गोल्फचा निम्मा खेळ दोन फटक्यांच्या मध्ये असतो आणि तो पायांनीच समजतो.

ग्रीनपासून १५० यार्डांवरच्या खुणेपासून चेंडूपर्यंत पावलं मोजत गेलात की अंतर आपोआप हाती येतं. एक लांब ढांग म्हणजे जवळपास एक यार्ड. फेअरवेवरून (टी आणि ग्रीन यांच्यामधली कापलेल्या गवताची पट्टी) समोरून ग्रीनकडे येताना ग्रीन कुठे झुकलं आहे ते शेवटच्या पन्नास पावलांत दिसतं. ग्रीनवर चढलात की उतार तळव्यांना आधी जाणवतो, डोळ्यांना नंतर. बग्गीचा रस्ता बहुतेक वेळा कडेकडेने जातो. बग्गीतून उतरणारा माणूस ग्रीनवर बाजूने शिरतो आणि समोरचा उतार त्याच्या नजरेतून सुटतो. दुसरी गोष्ट अंगाची. बग्गी चेंडूपाशी लवकर पोचते, पण पुढचा फोरबॉल (चौघांचा गट) अजून ग्रीनवरच असतो. मग पाच-सहा मिनिटं बसून राहायचं, कंबर आखडवून घ्यायची आणि उठून एकदम पूर्ण ताकदीने स्विंग करायचा. पहिल्या चार-पाच होलांत पाठीत उसण भरते ती अशाने.

आधी मैदान बघा

मैदान जुनं आहे की नवं, यावर बरंच काही ठरतं. मुंबईत चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं मैदान १९२७ मधलं. त्या काळी मैदानं चालणाऱ्यांसाठी आखली जात, त्यामुळे ग्रीन आणि पुढची टी यांत फारसं अंतर ठेवत नसत. पुण्याजवळ लवळे-बावधनच्या डोंगरांतलं ऑक्सफर्ड गोल्फ मैदान वेगळ्या जातीचं. तिथे चढ-उतार खरे आहेत आणि दोन होलांमधली वाट दम काढते. नव्या मैदानावर जायच्या आधी उपग्रह नकाशा उघडून प्रत्येक ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंतचं अंतर मोजा. चार-पाच ठिकाणी ते दीडशे मीटरहून जास्त निघालं किंवा मधे खडा चढ दिसला, तर त्या मैदानावर बग्गी घेण्यात काही कमीपणा नाही. कॅडीमास्तरलाही (बॅग उचलणाऱ्या कॅडींचा प्रमुख) विचारा, कारण दम कुठल्या होलाला लागतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

ऋतूही बघा. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या पुढे खेळायचं असेल तर साठीच्या माणसाने बग्गीच घ्यावी. गुडघ्याची वाटी झिजलेली, नुकती शस्त्रक्रिया झालेली किंवा हृदयाचं औषध चालू असलेली व्यक्ती डॉक्टरांना विचारूनच चालते. बग्गीतून खेळलेला गोल्फ कमी प्रतीचा असतो असं समजू नये. केसी मार्टिन या खेळाडूच्या पायात जन्मजात रक्ताभिसरणाचा दोष होता. त्याला स्पर्धेत बग्गी मिळावी, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी दिला.

बॅग हलकी करा

पहिल्या पायी फेरीत बहुतेकांचे खांदे भरून येतात. दोष चालण्याचा नसतो, बॅगेचा असतो. हिशेब मांडून बघा. क्लब म्हणजे फटका मारायच्या काठ्या: आयर्न (मधल्या पल्ल्याचे) एकेक ४०० ते ४५० ग्रॅम, पटर (ग्रीनवर चेंडू हळू ढकलायचा) अर्धा किलोच्या आसपास, ड्रायव्हर (सर्वांत लांब पल्ल्याचा) तीनशेच्या वर. चौदा क्लब म्हणजे साडेपाच ते सहा किलो. बॅग दोन-अडीच किलो, पाणी दीड लिटर, डझनभर चेंडू साडेपाचशे ग्रॅम, छत्री, रेनसूट, जुने हातमोजे, गेल्या पावसाळ्यापासून तळाशी पडलेला टॉवेल. बारा किलो सहज होतात.

नियम सांगतो जास्तीत जास्त चौदा. चौदाच न्या असं कुठेही लिहिलेलं नाही. रोजच्या खेळाला आठ क्लब पुरतात: ड्रायव्हर, एक हायब्रिड, ५, ७ आणि ९ नंबरचं आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. सहा क्लब घरी राहिले की अडीच किलो उतरले. मधलं अंतर पडलं तर मोठा, म्हणजे जास्त पल्ल्याचा क्लब घ्या आणि दोन बोटं खाली धरा. हे महिनाभर केलंत तर हाताला अर्धा स्विंग येऊ लागतो, हा वरचा फायदा. चेंडू सहा पुरे. चेंडू ठेवायच्या खुंट्या (त्यांनाही टीच म्हणतात) खिशात. पाणी अर्धा लिटर घेऊन निघा आणि वाटेत भरून घ्या.

बॅग उभी राहणारी आणि दोन पट्ट्यांचीच हवी. एकाच खांद्यावर टांगलेली बॅग मानेचा स्नायू ताणते, आणि तो खांदा पुढे फटका मारताना वर उचलला जातो. पट्टे असे बसवा की बॅग नितंबांच्या वर, कमरेला टेकून जवळजवळ आडवी राहील आणि तोंडाची बाजू किंचित वर असेल. तोंड खाली गेलं तर डिव्हट (फटक्याने गवतात पडलेला खड्डा) भरायला वाकताच सगळे क्लब पुढे घसरतात. जड वस्तू पाठीला लागणाऱ्या कप्प्यात घाला. बाहेरच्या कप्प्यात पाण्याची बाटली ठेवली की बॅग प्रत्येक पावलाला झुलते आणि कंबरेवर घासते.

कॅडी घेतलात तरी बॅग हलकीच ठेवा. त्याच्या खांद्यावरचे बारा किलो दहा किलोमीटर जाणार आहेत. पाणी दोघांचं धरून न्या आणि हाफ-वेला (नऊ होलांनंतरच्या थांब्यावर) त्यालाही बसू द्या.

ट्रॉली

पाठ दुखते पण पाय चांगले आहेत, त्यांनी तीन चाकांची ढकलायची ट्रॉली घ्यावी. ओढायची दोन चाकांची घेऊ नका. ती एका हाताने मागे ओढताना खांदा पिळला जातो. मूठ कोपराच्या किंचित खाली येईल इतकी उंची लावा. ट्रॉली सपाट जमिनीवर हात सोडून ढकलून बघा. एका बाजूला वळली तर पुढच्या चाकाजवळचा स्क्रू थोडा फिरवून सरळ करा, नाहीतर अठरा होल तुम्ही तिला मनगटाने सरळ करत राहाल आणि पटिंगला तेच मनगट थरथरेल. उतारावर थांबताना ब्रेक लावा आणि ट्रॉली उताराला आडवी उभी करा. तोंड पाण्याकडे करून सोडलेली ट्रॉली पाण्यातच जाते. पावसाळ्यात काळी माती चाकात बसते आणि दोन-तीन होलांत चाकं फिरेनाशी होतात. एक बोथट काडी जवळ ठेवा. ट्रॉली ग्रीनवर, टीवर, किंवा ग्रीन आणि बंकर (वाळूचा खड्डा) यांच्यामधल्या पट्टीवर न्यायची नाही.

चालायचं कसं

सवय नसेल तर थेट अठरा चालू नका. पहिले दोन आठवडे नऊ होल, तिसऱ्या आठवड्यात नऊ चालून नऊ बग्गीत, चौथ्यात पूर्ण अठरा. नवे बूट आधी सरावाच्या रेंजवर दोन-तीनदा वापरा. नखं कापलेली हवीत. टाचेला आणि करंगळीला व्हॅसलीन लावा. दुसरा मोज्यांचा जोड बॅगेत ठेवा आणि नवव्या होलानंतर बदला. सकाळच्या दवात भिजलेल्या मोज्यांनीच फोड येतात, बुटांवर उगाच खापर फुटतं.

वेग सारखा ठेवा, घाई करू नका. चेंडू चाळीस-पन्नास पावलांवर आला की हळू व्हा. तिथे पोचेपर्यंत श्वास बसलेला असला पाहिजे, कारण धापा टाकत घेतलेला पवित्रा खाली बसतो आणि चेंडू मागून, मातीतून लागतो. चढ सरळ चढू नका, नागमोडी जा. बॅग ग्रीनच्या त्या बाजूला ठेवा जिथून पुढच्या टीला जायचं आहे. ग्रीनसमोर ठेवलीत तर पट संपल्यावर मागे यावं लागतं, आणि मागचा फोरबॉल खोळंबतो. स्वतःचा नंबर येईपर्यंत क्लब ठरवून ठेवा. फटक्याला चाळीस सेकंद पुरेत असं नियमच सुचवतात, आणि हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. एवढं पाळलं तर चौघांचा पायी गट चार-सव्वाचार तासांत येतो. भरलेल्या मैदानावर बग्गीवाल्यांनाही तेवढाच वेळ लागतो.

पाणी प्यायला तहान लागायची वाट बघू नका. दर होलाला दोन-तीन घोट, फेरीभरात दीड-दोन लिटर. नुसतं पाणी पीत राहिलात तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही आणि पंधराव्या होलापाशी पोटरीत गोळा येऊ शकतो. लिंबू-मीठ-साखर, मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ओआरएस, यांतलं एक हवंच. पाचव्या-सहाव्या होलाला केळं, बाराव्याला राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की. हाफ-वेला ऑम्लेट-पाव आणि वडे पोटभर खाल्ले की दहावा आणि अकरावा होल हमखास बिघडतो.

थकवा पायांत आधी येतो आणि हातांत नंतर दिसतो. तेरा ते सोळा या होलांत चेंडू वरून लागू लागला, म्हणजे टॉप होऊ लागला, तर स्विंग दुरुस्त करत बसू नका. गुडघे सरळ झाले आहेत एवढंच कारण असतं. एक क्लब मोठा घ्या, तीन-चतुर्थांश स्विंग करा.

बग्गी घेतलीत तर

सुरुवातीला बॅगेचा पट्टा आवळा आणि ओढून बघा. पहिल्या उतारावर बॅग रस्त्यावर पडते ती सैल पट्ट्यामुळेच. स्टार्टरला (पहिल्या टीवरून गट सोडणारा माणूस) विचारा: आज बग्गी फक्त रस्त्यावर, की नव्वद अंशांचा नियम? नव्वद अंश म्हणजे चेंडूच्या रेषेत येईपर्यंत रस्ता सोडायचा नाही, मग काटकोनात वळून चेंडूपाशी जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. पावसानंतर ओल्या मातीवर चाक गेलं की माती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही आणि तिथलं गवत पिवळं पडतं. म्हणून ग्रीन आणि टीपासून निदान दहा मीटर लांब राहायचं.

बग्गी रस्त्यावरच ठेवायची असेल त्या दिवशी सर्वांत मोठी चूक एकच क्लब घेऊन चालत जाण्याची. चेंडूपाशी पोचल्यावर कळतं की वारा समोरून आहे. हाताशी तीन लागोपाठचे क्लब घ्या, उदाहरणार्थ ७, ८ आणि ९. ग्रीन जवळ असेल तर वेज आणि पटरही. आणि दोघांनी एकाच चेंडूपाशी थांबायचं नाही. चालवणाऱ्याने जोडीदाराला त्याच्या क्लबांसह त्याच्या चेंडूपाशी उतरवावं आणि स्वतःच्या चेंडूकडे जावं.

उतारावर बग्गी सरळ वर किंवा सरळ खाली न्या, आडवी नेलीत तर उलटू शकते. खाली येताना ब्रेकवर पाय असू द्या. ओल्या गवतावर वळताना वेग जवळजवळ शून्य करा. पाय बाहेर लटकवून बसू नका. उतरताना पार्किंग ब्रेकची खटकी लागल्याचा आवाज ऐका. बहुतेक बग्ग्यांत ती ब्रेकच्याच पायपट्टीच्या वरच्या भागात असते. रिव्हर्सला बझर वाजतो, तेव्हा शेजारच्या ग्रीनवर कुणी पट करत असेल तर थांबा.

दोन नियम लक्षात ठेवा. तुमचा मारलेला चेंडू चुकून तुमच्याच बग्गीला लागला तर २०१९ पासून दंड नाही, पडेल तिथून खेळा. पण तुम्ही चालवत असताना चाकाखाली येऊन तुमचा थांबलेला चेंडू हलला तर एक फटक्याचा दंड, आणि चेंडू मूळ जागी ठेवायचा. चेंडू शोधताना चुकून हलला असेल तर दंड लागत नाही, चेंडू जागेवर ठेवायचा तेवढा. स्पर्धेत बग्गीला बंदी असू शकते, म्हणून अटींचा कागद आदल्या दिवशी वाचा.

डोंगराळ मैदानावर आम्हाला सर्वांत पटलेली तोड अशी: दोघांत एक बग्गी, बॅगा बग्गीत. एक जण फेअरवे चालतो, दुसरा बग्गी आणतो, आणि दर होलाला अदलाबदल. ग्रीनवरून पुढच्या टीचा खडा चढ मात्र दोघेही बसून करतात.

वीज कडाडली तर खेळ लगेच थांबवा. उघडी बग्गी विजेपासून वाचवत नाही, एकटं झाडही नाही. छत्री मिटा, क्लब खाली ठेवा आणि क्लबहाउसकडे निघा.

घरी आल्यावर बुटांची माती ओल्या फडक्याने काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि सावलीत वाळत ठेवा. उन्हात वाळवलेल्या बुटाचा तळ सुटतो, आणि तो सुटल्याचं पुढच्या रविवारी कुठल्यातरी लांबच्या होलावर कळतं.