एप्रिलच्या बर्फावर निघताना: सातारकर ट्रेकर्सची तयारी

हिमाचल-उत्तराखंडच्या खिंडी करायला निघताना सह्याद्रीतली एक सवय घरीच ठेवा. अजिंक्यतारा चहा-नाश्ता उरकून निघालं तरी होतो. बर्फात मात्र पहाटे तीन-चारला निघून, ऊन तापायच्या आत अवघड उतार ओलांडलेला हवा. उन्हाने वितळलेलं पाणी बर्फाच्या थरांत झिरपतं, कणांची पकड सुटते आणि ३० ते ४५ अंशांचे उतार घसरतात, म्हणजेच हिमस्खलन होतं. आधी पूर्वेकडचे, मग दक्षिणेकडचे, दुपारी पश्चिमेकडचे.

त्यामुळे आदल्या रात्रीचं आभाळ फार महत्त्वाचं. रात्र निरभ्र गेली तर बर्फ कडक गोठतो. ढगाळ रात्री तो नीट गोठतच नाही; अशा दिवशी पुढे जाऊ नये. पहाटे टाच मारून बघा. नुसता ओरखडा उठला तर ठीक, पाय घोट्यापर्यंत रुतला तर मागे फिरा. उतारावरून बर्फाचे गोळे आपसूक गडगडू लागले, तर त्याच्या खालीही थांबू नका.

बीकन (गाडलेल्याचा माग लावणारं, रेडिओ संकेत देणारं-पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. गटात मिळून एक संच हा शुद्ध धोका आहे, कारण गाडला जाणारा नेमका तो संच बाळगणाराच असू शकतो. बीकनमध्ये नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाला. रिचार्जेबल नकोत, त्यांची उरलेली पातळी चुकीची दिसते. मोबाइल बीकनपासून २० सेंटिमीटर, शोधताना ५० सेंटिमीटर लांब. सराव इथेच करा: चालू बीकन प्लास्टिकच्या डब्यात घालून उसाच्या पाचटाच्या ढिगात लपवा आणि घड्याळ लावून शोधा. गाडलेल्या माणसाची पहिली १५ मिनिटंच खरी मोलाची. त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घटते. प्रोब लागला की तो तिथेच ठेवून उताराच्या खालच्या बाजूने खणा.

उताराचा कोनही अजिंक्यताऱ्यावरच मोजायला शिका. आधी नजरेने अंदाज, मग मोबाइलच्या कोनमापकाने पडताळणी.

निघण्याआधी तीन दिवस हवामान खात्याचा अंदाज आणि चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन रोज बघा. वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) येऊन दिवसभरात फूटभर नवा बर्फ पडला, तर निदान एक-दोन दिवस मुक्काम वाढवा. तेवढे जादा दिवस परतीच्या तिकिटात आधीच धरा. तिकिटापायी उतार ओलांडायची घाई होते.

सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. म्हणून मार्ग, मुक्काम आणि परतीची वेळ कागदावर लिहून एक प्रत घरी, एक पायथ्याच्या गावात ठेवा.