मराठी स्कॅन शोधात सापडत नसतील, तर आधी आतला मजकूर तपासा

ठाण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे जुने दप्तर स्कॅन करून मी पेपरलेस-एनजीएक्स या कागदपत्रे साठवून शोधण्याच्या प्रणालीत चढवले आणि ‘अभिहस्तांतरण’ हा शब्द शोधला, तेव्हा एकही कागद पुढे आला नाही. हा शब्द असलेली पाने समोर दिसत होती; शोधाला मात्र ती दिसत नव्हती.

स्कॅन ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) आणि सरळ करावे.

स्कॅनच्या चित्रातील अक्षरे वाचून त्यांचा मजकूर करणारे, म्हणजे अक्षरओळख करणारे, पेपरलेसमधील टेसरॅक्ट बहुधा फक्त इंग्रजीसह बसवले जाते, म्हणून मराठीचा भाषासंच वेगळा घ्यावा लागतो. पेपरलेस डॉकरवर (प्रणाली तयार संचाच्या रूपात चालवणाऱ्या साधनावर) चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की भाषा बसवण्याची आणि ती वापरण्याची सेटिंग वेगवेगळी असून त्यांच्या नावांत केवळ एका ‘एस’चा फरक आहे. पहिलीच भरली, तर मराठी यंत्रावर येते, पण वाचन इंग्रजीतच सुरू राहते. वापरासाठी मराठी आणि इंग्रजी दोन्ही निवडावे. ‘लिपी एकच, म्हणून हिंदी चालेल’ हा सल्ला ऐकू नये.

माझे खरे अडले ते यापुढे. स्कॅनरसोबतच्या प्रणालीने प्रत्येक पानावर आपल्या परीने इंग्रजी अक्षरओळख करून निरर्थक मजकुराचा अदृश्य थर आधीच चढवला होता. पेपरलेसमध्ये मी मजकूर असलेली पाने वगळण्याची रीत ठेवली होती, त्यामुळे हा कचराच मजकूर म्हणून स्वीकारला गेला आणि मराठी वाचन झालेच नाही. मी मात्र आठवडाभर भाषासंच काढत-घालत बसलो. म्हणून पहिली परीक्षा हीच करावी: पीडीएफमधील दोन ओळी निवडून नोटपॅडमध्ये चिकटवाव्यात. काहीच उमटले नाही, तर उत्तम, कारण पानावर मजकुराचा थरच नाही. असंबद्ध रोमन अक्षरे उमटली, तर मजकुराचा थर कुजका आहे. ‘सर्चेबल पीडीएफ’ या नावावर मी आता विश्वास ठेवत नाही.

कुजका थर स्कॅनरचा असेल, तर जुनी ओळख काढून पुन्हा वाचणारी ‘रीडू’ रीत वापरावी. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली पीडीएफ मात्र तिने सुधारत नाही, कारण तेथे डोळ्यांना दिसणारी अक्षरेच आतून रोमन संकेतांची असतात आणि ‘रीडू’ दृश्य मजकुराला हात लावत नाही. अशा फायलींना ‘फोर्स’ हाच उपाय आहे. त्यात पानाचे चित्र करून ते नव्याने वाचले जाते. सगळ्याच कागदांवर ‘फोर्स’ चालवणे मला मान्य नाही: फायली फुगतात, चांगला मजकूर बिघडू शकतो आणि डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याची नवी प्रत स्वाक्षरी गमावते. मूळ फाइल नेहमी जपून ठेवावी.

शोधताना मराठीची रूपे विसरू नयेत. ‘सभा’ शोधल्यास ‘सभेत’ किंवा ‘सभेचे’ सापडेलच असे नाही. ‘सभे’पुढे तारांकन द्यावे. वर्ष ‘२०१२’ असे देवनागरी अंकांत आणि रोमन अंकांतही शोधावे.

हस्तलिखित इतिवृत्तांवर टेसरॅक्टचा भरवसा धरू नये; त्यांना शीर्षक, सभेची तारीख आणि विषयाचा टॅग हातानेच द्यावा. आमच्याकडे या कामाला दोन रविवार गेले.