रोपे कुरतडणारी अळी आणि तिचा पतंग : नव्या अभ्यासकांसाठी काही अनुभव

कीटकशास्त्राकडे नव्याने वळलेल्यांनी पतंगांच्या अभ्यासाची सुरुवात अ‍ॅग्रोटिस इप्सिलॉन या रोपे कुरतडणाऱ्या अळीपासून करावी, असे मी आवर्जून सुचवतो. सोलापूरच्या काळ्या रानात रब्बीचा हरभरा उगवून आला, की जमिनीलगत कापलेल्या रोपाच्या बुडाशी थोडी माती उकरावी. वेटोळे करून बसलेली काळसर, तेलकट अळी बहुधा तिथेच सापडते. मात्र अशा सवयीच्या जाती अनेक असल्याने पतंग बाहेर येईपर्यंत वहीत जातीचे नाव लिहू नये. मोठ्या अळ्या एकमेकींना खातात, तेव्हा प्रत्येकीला स्वतंत्र बरणी द्यावी.

पतंगाच्या पुढच्या पंखावरील मूत्रपिंडाकृती ठिपक्याला लागून बाहेरच्या कडेकडे रोखलेली बारीक काळी कट्यार दिसली, तर तो इप्सिलॉन समजावा. जवळच्याच अ‍ॅग्रोटिस सेगेटममध्ये ती नसते. प्रकाश सापळ्यातल्या नमुन्यांचे खवले पुष्कळदा झडलेले असतात. अशा वेळी पोटाचा शेवटचा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून जननेंद्रिये तपासावी लागतात आणि हे काम पुस्तकावरून नव्हे, जाणत्याच्या शेजारी बसूनच शिकावे.

या जातीचे वर्णन हुफनागेल यांनी १७६६ मध्ये केले. तिचे कुळ नॉक्ट्युइडी, उपकुळ नॉक्ट्युइनी. हरभऱ्यावरची घाटे अळी याच कुळातली, पण हेलिओथिनी या उपकुळातली. जुनी पुस्तके वाचताना मात्र सावध राहावे लागते, कारण हॅम्पसन यांचे १८९२ ते १८९६ दरम्यानचे पतंगांवरील खंड आजही हाताशी लागत असले, तरी त्यानंतर कुळांची मांडणी पार बदलली आहे. सांगोल्याकडच्या डाळिंब बागांना छळणारे युडोसिमा हे रसशोषक पतंग पूर्वी नॉक्ट्युइडीत गणले जात, ते आता एरेबिडी कुळात गेले आहेत.

प्रसाराच्या बाबतीत इप्सिलॉन स्थलांतर करणारा असून अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत आढळतो, तर सेगेटम युरोप, आशिया व आफ्रिकेपुरता आहे. अमेरिकेतली लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मक्यावर पोहोचली. अशा नोंदी नेमक्या ठिकाण-तारखेच्या नमुन्यांवरच उभ्या राहतात. म्हणून टाचणीखालच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, पीक आणि पतंग दिव्यावर आला की अळीपासून वाढवला, हे त्याच दिवशी लिहावे.