डिस्कच्या लेबलवर क्लिअर स्प्रे मारताय? या चुका टाळा

इंकजेटने छापलेल्या सीडी-डीव्हीडीला ओलं बोट लागलं की रंग पसरतो, म्हणून लोक पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रेचा डबा आणतात. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर जे होतं ते बघून बघून मी कंटाळलोय. दर वेळी त्याच चुका आणि दर वेळी तोच प्रश्न, 'स्प्रे खराब होता का?' स्प्रे बहुधा चांगलाच असतो.

पहिली चूक म्हणजे छापून झाल्या झाल्या फवारा मारणं. प्रिंटेबल, म्हणजे थेट छापता येणाऱ्या डिस्कवरचा पांढरा थर शाई शोषून घेतो, त्यामुळे ती हाताला लगेच कोरडी लागते. आतली ओल जायला मात्र वेळ लागतो. वरून कोट बसला की ती ओल अडकते, मग अक्षरांच्या कडा फुटतात आणि गडद भागावर ढगाळ डाग येतात. डाय शाईला (रंग पूर्ण विरघळलेला) हा त्रास जास्त, पिग्मेंट शाईला (रंगाचे बारीक कण असलेली) कमी. मी छापलेल्या डिस्क धुळीपासून झाकून पूर्ण एक दिवस तशाच ठेवतो. हेअर ड्रायरने वाळवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. डिस्क वाकली की त्यांचं त्यांनाच कळतं.

दुसरी चूक, एकाच जाड थरात काम उरकणं. फवारा 25 ते 30 सेंटिमीटरवरून मारायचा, हात थांबवायचा नाही, आणि बटण डिस्कच्या बाहेर दाबून बाहेरच सोडायचं. पहिला थर इतका हलका हवा की मारला की नाही अशी शंका यावी. तो सुकला की दुसरा, मग तिसरा. जाड थर एका बाजूला ओघळला तर डिस्कचा तोल जातो. 52एक्स वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, तिथे एवढासा ओघळही घरघर करायला पुरतो.

आता माझी सर्वांत नावडती चूक: मधल्या भोकापर्यंत स्प्रे मारणं आणि वर 'सुकलं' म्हणून डिस्क एकावर एक रचणं.

एका ओळखीच्या माणसाने कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणाच्या सीडी अशाच तयार केल्या होत्या. भोकाच्या कडेपर्यंत सुरेख छपाई, त्यावर भरघोस चकाकी. संध्याकाळी बोट लावून पाहिलं, चिकटलं नाही, म्हणून सगळ्या स्पिंडलवर, म्हणजे डिस्क ओवून ठेवायच्या दांड्यावर, चढवल्या. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! डिस्कच्या खालच्या बाजूला भोकाभोवती एक बारीक उंचवटा असतो, दोन डिस्क एकमेकींना घासू नयेत म्हणून. वरच्या डिस्कचा तो उंचवटा खालच्या डिस्कच्या अर्धवट सुकलेल्या कोटात रुतला. सकाळी सगळी चळत एकसंध ठोकळा झाली होती. त्याने फटीत सुरीचं पातं घालून एकेक सोडवली आणि मग माझ्याकडे आणली. काहींच्या लेबलसकट चंदेरी थराचे तुकडे निघाले होते, तेही आतल्या कडेला. सीडीवर काय कुठे आहे याची यादी आतल्या बाजूलाच असते. बाकीची डिस्क धडधाकट, पण ड्राइव्ह तिला ओळखायलाच तयार नाही.

हे सीडीत घडतं, कारण तिचा चंदेरी थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचं पातळ आवरण. डीव्हीडीत तो 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असतो, म्हणून ती असलं बरंच सोसते. आपण ज्या बाजूला निर्धास्तपणे खरडतो तीच सीडीची नाजूक बाजू.

मी काय करतो? भोकावर साधारण साडेतीन सेंटिमीटर व्यासाचं जरा जड झाकण ठेवतो. ड्राइव्ह डिस्कला तिथेच पकडते, त्यामुळे तिथे कोट नकोच. म्हणून छपाईसुद्धा मी त्या वर्तुळाबाहेरच ठेवतो. डिस्कखाली एक निकामी डिस्क घालतो, म्हणजे फवाऱ्याचं धुकं खालून शिरत नाही. प्रत्येक थरानंतर वरची डिस्क अलगद उचलून पुन्हा ठेवतो, नाहीतर कडा चिकटतात. शेवटच्या थरानंतर 24 तास एकेक सुटी, आडवी. जागा नसेल तर कमी डिस्क करा.

वाचायच्या बाजूवर तुषार उडाले तर थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. डिस्कचं प्लास्टिक (पॉलिकार्बोनेट) पांढुरकं पडतं आणि मग काहीच करता येत नाही. डाग ताजे असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. कधी निघतात, कधी नाही.

दमट हवेत स्प्रे मारू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ कोटात अडकते आणि दुधाळ झाक येते. कोरड्या दिवशी एक हलका थर दिला की कधी कधी ती जाते.

हेअरस्प्रे म्हणजे क्लिअर कोट नव्हे. लाकडाचं वार्निश पिवळं पडतं. पारदर्शक चिकटपट्टी तर अजिबात नको. कागदी लेबलवर स्प्रे मारून काही साधत नाही, ते सुटायचं तेव्हा सुटतंच, आणि फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये सुटलं तर डिस्क आतच अडकते. खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नको, हे डब्यावर लिहिलेलं असतं, वाचा.

आणि क्रम: आधी बर्न करून (डिस्कवर माहिती लिहून) तपासणी, मग छपाई, मग कोट, आणि तो पुरता सुकल्यावर पुन्हा तपासणी. ओलसर कोटाची डिस्क ड्राइव्हमध्ये घालणाऱ्यांना मी माझ्या संगणकाला हात लावू देत नाही.

पाण्याला न जुमानणाऱ्या चकचकीत प्रिंटेबल डिस्क मिळतात. त्या घेतल्या तर हा सगळा खटाटोपच नको. आणि ज्या डिस्कची दुसरी प्रत नाही, तिच्यावर मी ना छापतो ना फवारतो. केसमधल्या कागदावर नाव लिहितो, आणि सजवायला वेगळी प्रत काढतो.