स्पॅनिश करार इंग्रजीत आणताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘मान्कोमुनादा’ (देणेकऱ्यांत वाटून दिलेली जबाबदारी) दिसलं की ‘जॉइंट’ लिहून मोकळं होणं. समजा, तिघांनी मिळून 90,000 युरोचं कर्ज घेतलंय आणि जबाबदारी मान्कोमुनादा आहे. स्पेनच्या दिवाणी संहितेच्या कलम 1138 नुसार वेगळं काही ठरलं नसेल तर प्रत्येकाच्या माथी 30,000 येतात, तेवढेच. इंग्रजी कायद्यात मात्र ‘जॉइंट’ देणेकऱ्यांपैकी कुणाही एकाकडून सगळे 90,000 वसूल करता येतात. आपल्या 1872 च्या करार कायद्याचं कलम 43 वाचलेल्यांना हे नवीन नाही. म्हणजे एका शब्दापायी अशिलाच्या डोक्यावर 60,000 चा जादा बोजा! इथे प्रत्येकाची जबाबदारी आपापल्या हिश्शापुरती आहे, असं सरळ वाक्यात लिहावं. ‘जॉइंट अँड सेव्हरल’ राखून ठेवा ‘सोलिदारिया’साठी, म्हणजे जिथे कुणाही एकाकडून सगळी रक्कम मागता येते तिथे.

गंमत अशी, की मुखत्यारपत्रात हाच ‘मान्कोमुनादा’ आला तर ‘जॉइंटली’ अगदी बरोबर. तिथे अर्थ एवढाच, की मुखत्यारांनी मिळून सह्या करायच्या. म्हणून शब्दसूचीत एका शब्दापुढे एकच अर्थ टाकून ठेवायची सवय करारांच्या कामात मोडावी लागते.

दुसरी जोडगोळी ‘रेसोलुसिओन’ आणि ‘रेसिसिओन’. पहिल्याचं ‘रेझोल्यूशन’ करू नका. स्पेनच्या त्याच संहितेच्या कलम 1124 प्रमाणे समोरच्याने करार पाळला नाही म्हणून तो संपवणं, म्हणजे ‘टर्मिनेशन फॉर ब्रीच’. दुसरा शब्द स्पेनमध्ये मुळात वैध असलेला करार, उदाहरणार्थ धनकोंना फसवण्यासाठी केलेला, कोर्टाकडून उलटवण्यासाठी येतो. मेक्सिकोत मात्र करारभंगासाठीही सर्रास ‘रेसिसिओन’च म्हणतात. त्यामुळे कामाला हात घालण्याआधी कोणत्या देशाचा कायदा लागू आहे ते कलम शोधा. बहुधा ते शेवटच्या पानांत दडलेलं असतं.

‘क्लाउसुला पेनाल’, म्हणजे करारातलं दंडाचं कलम, याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. इंग्लंडमध्ये ‘पेनल्टी’ ठरलेलं कलम कोर्ट राबवत नाही, म्हणून काही अनुवादक गुपचूप ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’ (आधीच ठरवलेली नुकसानभरपाई) लिहितात. स्पेनमध्ये दंडाचं कलम वैध असतं. करार अर्धवट पाळला असेल तर न्यायाधीश रक्कम कमी करतात. तेव्हा ‘पेनल्टी क्लॉज’च ठेवा आणि अनुवादकाची टीप जोडा. कलमाचा स्वभाव बदलणं हे वकिलाचं काम, आपलं नव्हे.

बाकी किरकोळ: नोटिशीच्या कलमातलं ‘दोमिसिलिओ’ म्हणजे साधा पत्ता, ‘सोसिएदाद’ म्हणजे बहुतेकदा कंपनी. पण आकडे किरकोळ नाहीत. ‘बियोन’ म्हणजे इंग्रजी बिलियन नव्हे, ट्रिलियन. आपले एक लाख कोटी. स्पेनमधलं 1.500,00 इंग्रजीत 1,500.00 होतं. मेक्सिकोच्या करारात मात्र आधीच इंग्रजी पद्धतीचे पूर्णविराम-स्वल्पविराम असतात, तिथे ते उलटवायला जाऊ नका.