थंडीत बोडीतल्या माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसले तर

धान कापणी आटोपली, पाणी गार झालं की भंडारा-गोंदियाकडच्या बोड्यांमध्ये, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यांमध्ये, माशांचा हा लाल चट्ट्यांचा रोग डोकं वर काढतो. आधी मरळ, मग तळाशी चरणारा मृगळ. सुरुवातीला एखादं खवलं उभं राहतं, त्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका असतो. आठवडाभरात तिथे खोल जखम होते. एरोमोनास हे जिवाणू पाण्यात बाराही महिने असतात. पण जाळ्याने कातडी खरचटली किंवा बुरशीने पोखरली, की ते आत शिरतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत उगाच जाळं ओढू नका.

ठिपका दिसताच चुना द्या, गुंठ्याला 2 किलो. आधी पाण्याचा सामू (पीएच) बघा, 8.5 च्या वर असेल तर चुना नकोच, कारण पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. चुना पाण्यात विझवून, पूर्ण गार करून सकाळी शिंपडा. लोखंडी झाऱ्याच्या नादी लागू नका, मग्याने फेकलेलं बरं. सोबत सिफॅक्स हे या रोगावरचं औषध द्यायचं असेल तर एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी 1 लिटर, म्हणजे गुंठ्याला साधारण 10 मिली.

नवी बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडण्याआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम खडेमीठ विरघळवा आणि त्यात एक-दोन मिनिटं बुडवा. मासा कलंडला की लगेच साध्या पाण्यात काढा.

माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या बोडीत टाकू नका. मेलेले मासे काठावर न फेकता चुना घालून खोल पुरा. जाळं कडक उन्हात वाळवूनच दुसऱ्या बोडीत न्या.