खानापूरच्या रानातील कार्बन कसा मोजावा: वय, जमीन आणि टेप

ऊस आणि साग यांची तुलना सहसा कोणी करीत नाही. पण रानातील कार्बनचा हिशेब समजून घ्यायचा, तर बेळगाव जिल्ह्यातील माणसाला याहून सोपी सुरुवात मिळणार नाही. रायबाग-चिक्कोडीकडच्या चांगल्या मळ्यात एका हंगामात एकरी ४० टन ओला ऊस उभा राहतो, आणि एवढी वाढ खानापूर तालुक्यातील कोणत्याही रानाला वर्षभरात साधत नाही. मात्र गाळप झाले, साखर खाल्ली गेली आणि चिपाड बॉयलरमध्ये जळाले, की उसाने हवेतून घेतलेला कार्बन बहुतांशी वर्षा-दोन वर्षांत हवेत परत जातो. वर्षभरात पडलेली भर म्हणजे उत्पादकता, आणि आजवर शिल्लक राहिलेली पुंजी म्हणजे साठा. या दोन गोष्टी दोन वेगळ्या रकान्यांत लिहिण्याची सवय आधी लावून घ्यावी.

नवी लागवड पहिली काही वर्षे हळू वाढते, कारण तिच्याकडे पानेच कमी असतात. झाडांचे माथे एकमेकांना भिडले, की बहुतेक ऊन पानांवर अडते आणि वार्षिक वाढ शिखरावर पोहोचते. त्यानंतर झाडांत ओढाताण सुरू होते, दबलेली झाडे मरतात, उंची थबकते आणि एकरी वार्षिक भर उतरू लागते. साठा मात्र त्यानंतरही कित्येक दशके वाढतच राहतो. यावरून ‘जुने रान थकलेले असते, ते काढून नवे लावलेले बरे’ असा युक्तिवाद केला जातो, आणि तो मला साफ चुकीचा वाटतो. जुन्या रानाची वार्षिक भर कमी असली, तरी तोडल्यावर शेकडो वर्षांची पुंजी बरीचशी मोकळी होत जाते आणि नव्या रोपांना ती भरून काढण्यास तितकाच काळ लागतो. शिवाय एकेक मोठे झाड वयाबरोबर वर्षाला कमी नव्हे, तर जास्त वजन धरते. एकरी भर घटण्याचे एक मोठे कारण म्हणजे झाडांची संख्या घटणे.

मोजणीची पहिली पायरी म्हणजे वय ठरवणे. लागवडीचे वर्ष कागदावर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर जवळपासच्या सागाच्या ताज्या तोडलेल्या खुंटावरील वाढीची कडी मोजावीत, कारण सागाला पावसाळ्याची आणि कोरड्या हंगामाची वर्षागणिक खूण स्पष्ट उमटते. घळीतील सदाहरित झाडांत अशी कडी भरवशाची नसतात, त्यामुळे तेथे गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे: कुमरीची (रान तोडून-जाळून केलेली फिरती) शेती कधी थांबली, गुरे चरायला सोडणे कधी थांबले, शेवटचा वणवा कधी लागला. अशा मिश्र रानाला एकच वय नसते. ‘शेवटच्या मोडतोडीनंतरची वर्षे’ एवढेच लिहावे.

आता जमीन. कणकुंबीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बेळगाव शहरात साधारण १,२०० ते १,३००, आणि अथणीला जेमतेम ६०० च्या आसपास. परंतु केवळ एकूण पाऊस पाहून वाढीचा अंदाज बांधू नये. हा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि डिसेंबर ते मे या काळात झाडाला काय मिळते हे मातीची खोली ठरवते. जांबोटीकडच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभा दगड वर आलेला असतो. तेथे कितीही पाऊस पडला तरी पाणी धरायला मातीच नसते, म्हणून झाडे खुजी राहतात. त्याच गावाच्या घळीत खोल माती असल्यास त्याच वयाची ऐन आणि किंदळ ही झाडे बरीच उंच दिसतील. त्यामुळे वेगवेगळ्या वयांची तुलना करायची तर जमीन सारखी असावी, आणि जमिनींची तुलना करायची तर वय सारखे असावे. दोन्ही एकदम बदलली, तर फरक कशामुळे पडला हे कोणालाही सांगता येणार नाही. जमिनीचा कस ओळखण्यासाठी लागवडीतील सर्वांत उंच काही झाडांची उंची पाहावी. दाटीचा परिणाम जाडीवर जास्त आणि उंचीवर कमी होतो, म्हणून ही खूण विश्वासाची ठरते.

मोजणी आपल्या मालकीच्या जागेत करावी. भीमगड अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नये. २० मीटर लांब व २० मीटर रुंद चौकोन आखावा, म्हणजे जवळपास ४ गुंठे होतात. त्यातील ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेराच्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यावा. उतारावर चढाच्या बाजूने उंची धरावी, आणि त्या उंचीखालीच फाटलेल्या झाडाचे फाटे वेगळे मोजावेत. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. उंचीसाठी हाताच्या लांबीइतकी काठी सरळ हातात उभी धरून, तिची टोके झाडाच्या बुंध्याशी व शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरकावे. तेव्हाचे झाडापर्यंतचे अंतर हीच झाडाची उंची.

वजनासाठी व्यासाचा वर्ग, उंची आणि लाकडाची घनता यांचा गुणाकार करून त्याला ०.९७६ चा घात द्यावा आणि आलेल्या आकड्याला ०.०६७३ ने गुणावे. व्यास सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, घनता दर घन सेंटिमीटरला ग्रॅममध्ये, आणि उत्तर किलोमध्ये. सागाची घनता ०.५५ धरली, तर २० सेंटिमीटर व्यासाच्या आणि १२ मीटर उंचीच्या झाडाचे जमिनीवरील कोरडे वजन सुमारे १४७ किलो भरते. ४० सेंटिमीटर व्यास आणि १८ मीटर उंची असेल, तर ते ८४५ किलो होते. व्यास दुपटीने वाढला आणि वजन पावणेसहा पटीने. मोठी झाडे यादीतून सुटली, की हिशेब कसा कोसळतो हे यावरून कळते. ऐनाची घनता सागाहून बरीच जास्त, ०.७० च्या वर असते. हे सूत्र उष्ण प्रदेशातील हजारो झाडांवरून बसवलेले असल्यामुळे एकट्या झाडाला ते चुकू शकते, पूर्ण चौकोनाला कमी चुकते. बेरजेला ०.४७ ने गुणल्यास कार्बन मिळतो, त्यात मुळांसाठी साधारण चौथा हिस्सा मिळवावा, आणि हेक्टरी आकड्यासाठी २५ ने गुणावे.

मातीचा कार्बन सोडला, तर निम्मे काम राहते, विशेषतः देवराईसारख्या जुन्या जागेत. ३० सेंटिमीटरपर्यंतची माती पाच-सहा ठिकाणांहून घेऊन माती परीक्षण केंद्रात सेंद्रिय कार्बनचे प्रमाण काढून घ्यावे. ते प्रमाण १.५ टक्के, मातीची घनता दर घन सेंटिमीटरला १.२ ग्रॅम आणि खोली ३० सेंटिमीटर असेल, तर गुणाकार ५४, म्हणजे हेक्टरी ५४ टन. जांभ्याच्या जमिनीत खडे फार असल्याने त्यांचा हिस्सा वजा करावा. तो न केल्यास आकडा उगाच फुगतो.

एका मोजणीने साठा कळतो, उत्पादकता नाही. झाडांवर मोजणीच्या उंचीवर रंगाचा पट्टा ओढून ठेवावा आणि पाच वर्षांनी त्याच महिन्यात पुन्हा मोजावे, कारण पावसाळ्यात खोड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मोजणी डिसेंबरमध्ये केलेली बरी. मधल्या काळात मेलेले झाड यादीतून खोडू नये. ते कोणत्या वर्षी पडले, आणि ओंडका जागेवर कुजतो आहे की कोणी चुलीसाठी नेला, याची नोंद त्याच्या क्रमांकासमोर ठेवावी.